घरच्यांसोबत भोवरा : आर, दोरी, फेक आणि खेळ

जत्रेतून भोवरा आणला जातो, बाबा किंवा आजोबा उत्साहाने दोरी गुंडाळतात, एक फेक जमते, पुढच्या चार फसतात, मुलाच्या हातून तर तो एकदाही फिरत नाही आणि आठवड्याभरात भोवरा माळ्यावर जातो. बहुतेक घरांत हे असेच घडते, आणि त्याचा दोष मुलाच्या हाताला किंवा ‘आजकालच्या सवयींना’ दिला जातो. वास्तविक दहांपैकी आठ वेळा चूक फेकण्याच्या आधीच झालेली असते : आर, म्हणजे भोवऱ्याच्या तळाचे लोखंडी टोक, वाकडी असते, दोरी गुळगुळीत असते, वेढे सैल असतात किंवा जमीन चुकीची निवडलेली असते. म्हणून या लेखात फेकीपेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. मधला एखादा गाळल्यास पुढच्या टप्प्यातली चूक नेमकी कशामुळे झाली हे ओळखता येत नाही.

टप्पा १ : भोवरा निवडणे

घरात जुना लाकडी भोवरा असेल तर तो आधी तपासावा, नसेल तर नवा घ्यावा. सावंतवाडीच्या चितारआळीत, गावोगावच्या जत्रांत आणि शहरांतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत लाकडी भोवरे मिळतात. शिकण्यासाठी सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा, हातात घेतल्यावर वजन जाणवेल असा भोवरा योग्य ठरतो. फार लहान भोवऱ्यावर दोरीचे पुरेसे वेढे बसत नाहीत आणि फार मोठा भोवरा आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावत नाही. प्लास्टिकचा भोवरा स्वस्त असतो आणि पावसात खराब होत नाही, परंतु त्याचे अंग गुळगुळीत असल्यामुळे दोरी घसरते. तो घ्यायचाच असेल तर खालच्या निमुळत्या भागावर खाचा असलेला घ्यावा.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. लाकडाला आरेपासून वर जाणारी चीर नसावी. आर बोटांनी हलवल्यास हलू नये. वरून पाहिल्यास भोवऱ्याचा घेर गोल दिसावा, लंबगोल नव्हे. शेवटची तपासणी दुकानातच करता येते : भोवऱ्याचे डोके अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून आर काउंटरवर टेकवावी आणि चुटकी वाजवावी तसा पीळ द्यावा. इतक्या कमी वेगातही भोवरा दोन-तीन सेकंद फारसा न डगमगता फिरला तर तोल ठीक आहे. तो सुरुवातीपासूनच एका अंगाला झोके घेत असेल तर आर मध्यभागी नाही. तो परत ठेवून दुसरा उचलावा.

भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) प्रमाणन बंधनकारक आहे, मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यामुळे कारागिराच्या हातच्या भोवऱ्यावर आयएसआय चिन्ह नसले म्हणजे तो निकृष्टच आहे असे समजू नये. रंग हाताला लागतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून स्वतः पाहावे.

*इशारा : वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळचा रंगीत भोवरा कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली) आणि घासल्यावर उडणारी धूळ मुलांसाठी घातक ठरते. असा भोवरा ओल्या कापडाने पुसून आठवण म्हणून कपाटात ठेवावा आणि खेळण्यासाठी नवा घ्यावा.*

टप्पा २ : आर दुरुस्त करणे

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. भोवऱ्याचे संपूर्ण वजन या लोखंडी टोकावर पेललेले असते, त्यामुळे तिथला अर्ध्या मिलिमीटरचा दोषसुद्धा वर मोठ्या डगमगीच्या रूपाने दिसतो.

प्रथम आर सरळ आहे का ते पाहावे. भोवरा आडवा धरून सावकाश फिरवावा आणि आरेच्या टोकाकडे बारकाईने बघावे. टोक एकाच ठिकाणी राहिले पाहिजे. ते छोटे वर्तुळ काढत असेल तर पकडीत आर धरून, जिकडे वाकली असेल त्याच्या उलट दिशेने, अगदी हलका दाब द्यावा आणि पुन्हा पाहावे. एका झटक्यात सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास आर मोडते किंवा लाकूड तडकते.

दुसरी गोष्ट टोकाची. बाजारातल्या अनेक भोवऱ्यांची आर टोकदार असते. मऊ मातीत अशी आर एका जागी रुतून राहते, पण सिमेंटवर ती ओरखडे काढते, फरशीवर खड्डे पाडते आणि हातावर घेताना टोचते. घरच्यांसोबत खेळायचे असेल तर आर गोलसर करावी : बारीक कानशीने टोकाभोवती समान फिरवत घासावे, मग पाण्याच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे. टोक तांदळाच्या दाण्याच्या टोकाइतके बोथट झाले की थांबावे. एकाच बाजूने घासत राहिल्यास टोक मध्यापासून सरकते आणि सरळ केलेली आर पुन्हा वाकडी असल्यासारखी वागू लागते.

आर अगदीच सैल किंवा गंजून झिजलेली असेल तर ती बदलावी लागते. जुनी आर पकडीने फिरवत बाहेर काढावी. छिद्र मोठे झाले असल्यास त्यात लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण ठासून भरावे आणि पूर्ण दिवसभर सुकू द्यावे. त्यानंतर नव्या खिळ्यापेक्षा किंचित बारीक छिद्र हाताच्या ड्रिलने पाडावे. खिळा थेट ठोकल्यास निमुळत्या भागातले लाकूड हमखास चिरते. खिळ्याचा माथा कापून टाकावा, खिळा कापलेल्या बाजूने आत बसवावा आणि साधारण १ सेंटिमीटर बाहेर ठेवावा. फार लांब आर भोवऱ्याचा तोल उंचावर नेते आणि तो लवकर पडतो.

लाकूड कोरडे पडून खडबडीत झाले असेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि दोन-तीन दिवस सुकू द्यावा. खोबरेल तेल वापरू नये. ते सुकत नाही, आणि तेलकट अंगावरून दोरी घसरत राहते.

*इशारा : जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून ठेवू नये. सुकताना ते तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावे आणि मगच टाकावे.*

टप्पा ३ : दोरी

भोवऱ्यासोबत फुकट मिळणारी दोरी बहुतेक वेळा नायलॉनची असते आणि शिकणाऱ्याच्या अपयशाचे ते सर्वांत मोठे कारण असते. नायलॉन लाकडाला धरून राहत नाही. वेढे एकमेकांवरून सरकतात आणि ओढ बसण्यापूर्वीच सगळे बंडल सुटून येते. सुतळी पकड चांगली देते, पण ती बोटे सोलते आणि तिचे धागे आरेभोवती अडकतात. उत्तम दोरी म्हणजे विणलेली सुती दोरी, सुमारे ३ मिलिमीटर जाडीची. जुन्या परकराची किंवा पायजम्याची गोल विणीची नाडी चालते. चपटी नाडी मात्र चालत नाही, कारण ती पीळ खाते आणि वेढे शेजारी शेजारी बसत नाहीत. परदेशात राहणाऱ्यांनी शिवणकामाच्या साहित्याच्या दुकानात गोल विणीची सुती दोरी मागावी.

लांबी अंदाजाने कापू नये. ५ सेंटिमीटर व्यासाच्या भोवऱ्याला आरेपासून सर्वांत रुंद भागापर्यंत दहा-बारा वेढे बसतात. त्यासाठी आणि बोटांत धरण्यासाठी मिळून साधारण सव्वा ते दीड मीटर दोरी लागते. सुरुवातीला दीड मीटर कापावी, गुंडाळून पाहावी आणि हातात एक वीतभर उरेल इतकी ठेवून बाकीची कापावी. जास्तीची दोरी रुंद भागाच्या वर चढली की फेकताना तीच प्रथम सटकते.

दोरीची दोन टोके वेगवेगळ्या कामाची आहेत. आरेकडच्या टोकाला गाठ मारू नये. ते पाण्याने ओले करून बोटांनी पिळावे, म्हणजे निमुळते होते. हाताकडच्या टोकाला जाड गाठ मारावी. पूर्वी तिथे सोड्याच्या बाटलीचा चपटा केलेला पत्र्याचा बिल्ला ओवत असत. मुलांसाठी मोठे बटण ओवणे अधिक सुरक्षित आहे, कारण पत्र्याची कड कापते.

*इशारा : हाताकडच्या टोकाला सरकफास करून तो बोटात अडकवू नये. भोवरा अडकला तर फास आवळतो आणि बोटाला इजा होते. गाठ दोन बोटांच्या मध्ये धरावी, म्हणजे गरज पडल्यास दोरी हातातून सुटते.*

टप्पा ४ : जागा

चोपलेले मातीचे अंगण ही सर्वोत्तम जागा. त्याखालोखाल गुळगुळीत सिमेंट आणि शहाबादी फरशी. विटांचे तुकडे जोडलेली पार्किंगची फरसबंदी टाळावी. आर सांध्यात अडकून भोवरा उडतो. फ्लॅटमध्ये खेळायचे असेल तर घरातल्या टाईल्सवर भोवरा टाकू नये. एक टाईल तडकली की खेळ कायमचा बंद होतो, शिवाय खालच्या मजल्यावर प्रत्येक फेकीचा आवाज जातो. गच्चीवर १२ मिलिमीटर जाडीचा, साधारण चार फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवूड टाकून त्याखाली जुनी सतरंजी अंथरल्यास आवाज आणि फरशी दोन्ही सांभाळले जातात.

फेकणाऱ्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना किमान तीन मीटर जागा रिकामी हवी. बघणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या मागे उभे राहावे, कारण हातातून निसटलेला भोवरा पुढे किंवा बाजूला जातो. खडूने फेकण्याची रेषा आणि बघणाऱ्यांची रेषा आखून ठेवल्यास लहान मुले आपोआप ती पाळतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात दोरीचा भोवरा देऊ नये. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्या मध्यातून आगपेटीची गुल काढलेली काडी घालावी आणि चिमटीने फिरवायची भिंगरी करून द्यावी. तीन वर्षांखालचे मूल जवळ असेल तर काडी आणि चकतीसुद्धा त्याच्या हाती लागू देऊ नये.

टप्पा ५ : दोरी गुंडाळणे

भोवरा फेकण्याआधी फक्त गुंडाळण्याचा सराव करावा. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. तरीही पाच वेळा नीट गुंडाळून होईपर्यंत फेकू देऊ नये. पुढचे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्याने हात आणि दिशा दोन्ही उलट करावेत.

१. भोवरा डाव्या हातात, आर वर येईल असा धरावा. दोरीचे ओले टोक भोवऱ्याच्या अंगावर उभे ठेवून डाव्या अंगठ्याने दाबावे.

२. दोरी आरेपर्यंत न्यावी आणि आरेच्या मुळाशी, म्हणजे लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात तिथे, एकच वेढा घट्ट घ्यावा. दोन वेढे घेऊ नयेत आणि गाठ तर मुळीच मारू नये. पकड ओल्या दोरीच्या घर्षणानेच यायला हवी.

३. तिथून पुढचे वेढे आरेकडून रुंद भागाकडे, एकाला एक चिकटून, अंगठ्याखालच्या उभ्या टोकावरून घ्यावेत. प्रत्येक वेढा दिल्यावर दोरी किंचित ओढावी. एकावर एक चढलेला वेढा दिसला की तिथपर्यंत सोडून पुन्हा गुंडाळावे. ‘चालेल’ म्हणून सोडलेला तो एकच वेढा फेक बिघडवतो.

४. सर्वांत रुंद भागाच्या किंचित अलीकडे थांबावे.

वेढे आरेपासून सुरू करण्याला कारण आहे. फेकल्यावर दोरी उलट क्रमाने, म्हणजे रुंद भागाकडून आरेकडे सुटते. घेर जसजसा कमी होतो तसतसा दोरीच्या तेवढ्याच वेगाने भोवरा अधिक जोरात फिरतो. शेवटचे एक-दोन वेढे सर्वाधिक गती देतात. ते शेवटचे वेढे सैल असतील तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

*तपासणी : गुंडाळलेला भोवरा दोरीच्या गाठीला धरून सतरंजीवर वीतभर उंच लटकवावा. तो लगेच उलगडून खाली पडला तर वेढे सैल आहेत. थोडा वेळ टिकून मग सावकाश उलगडला आणि शेवटी आरेवरून दोरी सहज सुटली, तर गुंडाळणे बरोबर आहे. दोरी आरेला अडकून भोवरा लटकतच राहिला तर फेकू नये. गुंतलेला वेढा सोडवून पुन्हा गुंडाळावे.*

ही तपासणी मी प्रत्येक नव्या खेळाडूसाठी अनिवार्य मानतो, कारण आरेला अडकलेल्या दोरीमुळे भोवरा जमिनीवर न पडता झटक्याने फेकणाऱ्याच्याच अंगावर परततो. चेहऱ्याला होणाऱ्या जखमांचे मूळ बहुधा हेच असते.

टप्पा ६ : दोन हातांनी सोडणे

पहिली फेक ही फेक नसावी. भोवऱ्याच्या डोक्यावर लहान बोंड असेल तर ते डाव्या हाताच्या दोन बोटांत अगदी हलके धरावे, आर जमिनीपासून चार बोटे वर ठेवावी आणि उजव्या हाताने दोरी एका दमात, जमिनीला समांतर, बाहेरच्या दिशेला ओढावी. डावी बोटे भोवऱ्याला फिरू देतील इतकी सैल हवीत आणि दोरी पूर्ण सुटताच उघडली पाहिजेत. भोवरा जमिनीवर उतरून फिरू लागतो. वेग फार नसतो, परंतु सहा वर्षांच्या मुलालाही आपल्या हाताने भोवरा फिरल्याचे समाधान मिळते, आणि दोरीची ओढ म्हणजे काय हे हाताला कळते. दहा वेळांपैकी सात वेळा जमू लागले की पुढे जावे. ज्यांच्या गुडघ्यांना वाकणे जमत नाही अशा आजी-आजोबांनी स्टुलावर बसून याच पद्धतीने खेळावे; त्यांना पुढच्या टप्प्याची सक्ती करण्याची गरज नाही.

टप्पा ७ : फेक

*पकड.* गुंडाळलेला भोवरा उजव्या हातात घ्यावा. अंगठा डोक्यावर, तर्जनी आणि मध्यमा खालच्या निमुळत्या भागाला दोन बाजूंनी आधार देणाऱ्या, आर जमिनीकडे. दोरीची गाठ अनामिका आणि करंगळी यांच्या मध्ये घट्ट धरावी. गाठ आणि भोवरा यांच्यामधली दोरी लोंबू नये. ती लोंबत असेल तर गाठीजवळचा भाग करंगळीभोवती सैलसर फिरवून घ्यावा.

*उभे राहणे.* डावा पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, नजर सुमारे दीड मीटर पुढच्या एका ठरलेल्या बिंदूवर. तिथे खडूची फुली काढावी.

*फेक.* हात कमरेच्या उंचीवर, अंगाच्या बाजूने मागे न्यावा आणि चपटा दगड पाण्यावर भाकऱ्या काढण्यासाठी फेकतात तसा पुढे आणावा. भोवरा फुलीच्या दिशेने सोडावा. सोडताना आर जमिनीकडेच राहील याची काळजी मनगटाने घ्यायची असते, कारण भोवरा ज्या कलाने हातातून सुटतो त्याच कलाने जमिनीवर पोहोचतो.

*ओढ.* फेकीचा अर्धा भाग इथे आहे आणि नवशिके तोच विसरतात. दोरी जवळजवळ संपत आली की हात झटकन मागे घ्यावा. हा झटका लवकर दिला तर भोवरा मध्येच खेचला जातो, उशिरा दिला तर तो आधीच जमिनीवर असतो. नेमका क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. तो हाताला कळावा लागतो. त्यासाठी सुरुवातीला जोर निम्माच ठेवावा. जोरात फेकणारे मूल ओढ शिकत नाही, हळू फेकणारे शिकते.

शिकवणाऱ्या मोठ्यांसाठी एक सूचना : स्वतः सलग पाच-सहा फेकी करून दाखवू नयेत. एक दाखवावी, भोवरा मुलाच्या हातात द्यावा आणि मागच्या रेषेवर जाऊन उभे राहावे. मुलाचा हात धरून फेकायला लावण्याचाही उपयोग होत नाही, कारण ओढीचा क्षण दोघांच्या हातांत वेगवेगळा असतो.

काय बिघडले ते ओळखणे

भोवरा आडवा पडून घरंगळत गेला, तर तो सुटतानाच आडवा होता. मनगट वळले होते. अशा वेळी जोर कमी करावा, बाकी काही बदलू नये.

दोरी एकदम गोळा होऊन सुटली आणि भोवरा न फिरताच पडला, तर वेढे सैल आहेत किंवा दोरी कोरडी व गुळगुळीत आहे. टोक पुन्हा ओले करावे.

भोवरा हाताकडे परत उसळला, तर खेळ तिथेच थांबवून आरेजवळचा वेढा पाहावा. तिथे गाठ, दुहेरी वेढा किंवा निघालेला धागा सापडतोच.

भोवरा फिरतो, पण टुणटुण उड्या मारतो : आर वाकडी आहे किंवा टोकाचा कपचा उडाला आहे. टप्पा २ पुन्हा करावा. हाच भोवरा सिमेंटवर उड्या मारत असेल आणि प्लायवूडवर मारत नसेल, तर दोष जमिनीचा आहे.

भोवरा सरळ फिरतो, मात्र पाच-सात सेकंदांत कलंडतो. वेढे कमी पडले आहेत किंवा ओढ बसलेली नाही. आधी वेढे मोजावेत, मग ओढीकडे वळावे.

भोवरा मोठे वर्तुळ काढत फिरतो, हा दोष नव्हे. गोलसर आरेचा भोवरा चालत राहतो आणि थोड्या वेळाने बहुधा एका जागी स्थिरावतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोरी, आर, जागा आणि पकड हे सारे एकदम बदलल्यास कशाने सुधारले ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते.

टप्पा ८ : हातावर घेणे

आर गोलसर केलेली असेल आणि भोवरा दहापेक्षा अधिक सेकंद स्थिर फिरत असेल, तरच हा टप्पा घ्यावा. तळहात वर करून हाताची मागची बाजू जमिनीला टेकवावी, तर्जनी आणि मध्यमा यांच्यात फट ठेवावी आणि बोटे जमिनीला घासत भोवऱ्याकडे सरकवावीत, म्हणजे आर त्या फटीतून आत येते. मग मनगटाने हलका उडवा देऊन भोवरा तळहातावर घ्यावा. घाबरून बोटे वर उचलली की ती भोवऱ्याच्या अंगाला लागतात आणि तो पडतो; बोटे शेवटपर्यंत जमिनीलगत राहिली पाहिजेत.

जमिनीला लागू न देता, हवेतच भोवरा परत खेचून तळहातावर झेलण्याला हातजाळी म्हणतात. त्यासाठी ओढ थोडी लवकर आणि वरच्या दिशेने द्यावी लागते, म्हणजे भोवरा मुद्दाम स्वतःकडे आणावा लागतो. ज्याची साधी फेक दहांपैकी नऊ वेळा बरोबर पडते त्यानेच ती करावी, तीही मोकळ्या जागी, चश्मा किंवा संरक्षक गॉगल लावून. बारा वर्षांखालच्या मुलांना मी ती शिकवत नाही.

टप्पा ९ : सगळ्यांना सामावणारे खेळ

भोवरा फिरू लागला की खेळ मांडावा. पहिल्याच दिवशी स्पर्धा लावल्यास ज्याला जमते तो एकटा खेळतो आणि बाकीचे बघे होतात. म्हणून सुरुवात अखंड भोवऱ्याने करावी. घरातले सर्व जण आपापला भोवरा गुंडाळून तयार राहतात. पहिला फेकतो, त्याचा भोवरा पडण्याआधी दुसऱ्याने आपला फिरता करायचा, मग तिसऱ्याने. जमिनीवर किमान एक भोवरा फिरत राहिला पाहिजे. मोबाइलच्या घड्याळावर सगळ्या कुटुंबाची मिळून वेळ मोजावी. यात हळू गुंडाळणाऱ्या आजींची वाट पाहायला नातू आपला भोवरा अधिक काळ फिरवण्याची धडपड करतो आणि दोन हातांनी सोडलेला भोवराही धरला जातो. फेकणारे एका वेळी एकच असावेत आणि रेषेवरून आपले नाव पुकारून फेकावे, म्हणजे दोन भोवरे हवेत आदळत नाहीत.

त्यानंतर फुलीचा खेळ. खडूने एकात एक असे तीन चौकोन काढावेत : बाहेरचा १ मीटरचा, मधला ५० सेंटिमीटरचा, आतला २५ सेंटिमीटरचा. भोवरा प्रथम जिथे टेकेल त्यानुसार एक, दोन किंवा तीन गुण द्यावेत, आणि टेकून तो फिरला नाही तर शून्य. लहानांना एक पाऊल पुढून फेकू द्यावे.

वेळेची स्पर्धा लावायची असल्यास खेळाडूंची एकमेकांशी तुलना करू नये. प्रत्येकाची त्या दिवसाची पहिली वेळ लिहून ठेवावी आणि शेवटच्या फेरीत त्यात किती सेकंदांची भर पडली यावर क्रमांक लावावा. अशा हिशेबात वडिलांपेक्षा आठ वर्षांची मुलगी पुढे जाण्याची शक्यता अधिक असते, आणि वहीत आकडे मांडण्याचे काम न खेळणाऱ्या काका-मावशींना देता येते.

रिंगणातला जुना खेळ, ज्यात हरणाऱ्याचा भोवरा गोलात ठेवून इतर जण आपल्या आरेने त्यावर घाव घालतात, अनेकांना आठवतो आणि मुलांना दाखवावासा वाटतो. तो टोकदार आरेचा, डोक्यावरून जोरात फेकण्याचा खेळ आहे. त्यात लाकडाचे कपचे उडतात आणि चांगला भोवरा चिरतो. त्याऐवजी रिंगणाच्या मध्यभागी लाकडाचा लहान ठोकळा ठेवावा आणि कमरेच्या उंचीवरूनच फेकून, फिरत्या भोवऱ्याने तो रिंगणाबाहेर ढकलावा. नेमबाजीचा सगळा आनंद यात मिळतो.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर मनगट थकते, फेकी वाकड्या जातात आणि अपघात नेमके याच वेळी होतात.

टप्पा १० : उचलून ठेवणे

खेळ संपल्यावर भोवरा कोरड्या फडक्याने पुसावा आणि आरेला मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून तोही पुसून घ्यावा. दोरी भोवऱ्यावर गुंडाळून ठेवू नये; ओली दोरी लाकडाला डाग पाडते आणि आर गंजवते. ती वेगळी वाळवून सैल वेटोळे करून ठेवावी. पावसाळ्यात भोवरा वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. दमट हवेत लाकूड फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते, त्यामुळे पावसाळ्यानंतर पहिल्यांदा खेळण्यापूर्वी आर हलते का हे बोटांनी पुन्हा तपासावे. दोरीचे धागे आरेकडच्या टोकाला विरू लागले की तेवढा भाग कापावा. कापून कापून दोरी सव्वा मीटरच्या खाली आली की ती बदलावी.